यंदा सूप सांडलं नाही

इन्सब्रुकला हाडांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी एक स्कीपटू मुलगी आणि तिचे वडील नंबराची वाट पाहत होते.

"बाबा, आत मी बोलेन. तुम्ही मध्ये पडू नका."

"जानेवारीच्या शर्यतीत उतरता येईल का, एवढंच विचार. गावाची बस ठरलीय. सगळे उताराच्या कडेला उभे राहून तुझ्यासाठी घंटा वाजवायला येणार आहेत."

"बाबा, मला आता शर्यती थांबवायच्यात."

"ठाऊक आहे."

"कोणी सांगितलं?"

"तुझ्या हाताने. शर्यत जवळ आली की जेवतानासुद्धा डोळे मिटून हाताने उतारावरची वळणं घ्यायचीस. दरवर्षी सूप सांडायचीस. यंदा एकदाही सांडलं नाहीस."

"मग बस कशाला ठरवलीत?"

"निवृत्त होणारे स्कीपटू शेवटच्या शर्यतीत उतरतात तशी तूही उतरशील म्हणून. गावाकडचा झगा घालून, सावकाश, वाटेत सगळ्यांना मिठ्या मारत."

"माझ्याकडे कुठे आहे झगा?"

"आजीचा आहे. आईने कमरेत सैल केलाय."

"सैल? मी काय जाड झालेय?"

"आत स्वेटर नको का घालायला, वेडे!"

तेवढ्यात नर्सने पुकारलं, "थेरेस प्लांक." मुलगी उठली आणि तिने दारातूनच विचारलं,

"डॉक्टर, झगा घालून सावकाश उतरले, तर हा गुडघा साथ देईल ना?"