कदेल मोडणार नाही

हॅलो?… हॅलो, कमलताई?… बोल गो, पल्लवीच बोलतेय… जरा मोठ्याने बोल, इथे शूटिंगचा जनरेटर घरघरतोय.

…हो. हो, खरं आहे. विनोदी सिनेमात काम करतेय. ही सगळी मंडळी आमच्याच भाड्याच्या खोल्यांत उतरलीत ना हरमलला. डायरेक्टरबाईंनी मला बांगडे तळताना पाहिलं आणि म्हणाल्या, आमची आत्या सापडली!

…कदेलीचं कोणी सांगितलं तुला?… आमच्या ह्यांनी? ह्यांच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ!

…अगं ऐक ना… होतं, तसं होतं. लग्नाचा मांडव, नवरीची जाडी आत्या येते, खुर्चीत बसते, ती कदेल मोडते, आत्या आडवी, सगळे हसतात. एवढंच काम.

…ताई, ओरडू नको. अब्रू काय तुझी एकटीचीच आहे?… गौरवी? काय झालं तिला?… जेवत नाही? कालपासून?… फुगडीच्या गटातून पण आपणच नाव काढलं? का गो?… कॉलेजातल्या पोरी रोडरोलर म्हणतात?… आणि आता त्यात मावशी पडद्यावर धपकन पडणार… हं… कळलं.

…नाही, रागावले नाही. वाईट वाटलं. मलाही शाळेत म्हैस म्हणत, विसरलीस?

…पण मी पडलेच नाही गो! हिरो पडला!

हो, हिरो! ऐक तरी… त्यांनी कदेलीचा एक पाय आधीच करवतून ठेवला होता. मी बसले की मोडावी म्हणून… मुद्दाम! आमच्याच घरची कदेल ती. चवथीला गणपतीवर फळांची माटोळी बांधायला मी तिच्यावरच उभी राहते, कधी कुरकुरली नाही. जेवणाच्या सुट्टीत हा काटकुळा हिरो ताट घेऊन बसला तिच्यावर… गेला! सोलकढी सगळी अंगावर!

…तू हसतेस. तिथे कोणी हसलं नाही. सगळे धावले. कोणी पाणी आणलं, कोणी मलम… मी तिथेच म्हटलं, बाई, हा पडला तर धावलात, मी पडले तर हसणार?

…हो, तोंडावर. वाटलं, आता काढतात… नाही ना! बाईच म्हणाल्या, तुम्हीच सांगा, आत्या मांडवात काय करेल?

…काय सांगणार? फुगडी घालेल, म्हटलं. धरला हिरोचा हात. पायाला पाय, मागे झोक, आणि घे गिरकी… अगं, ओरडत होता तो, "आत्या, सोडू नका!" मी कशाला सोडते? मी हलतेय थोडीच जागची! सगळे पोट धरून हसले. तोही हसला… आता तेच सिनेमात आहे. पडणं काढून टाकलं.

…खरंच. आईशप्पथ.

…आणि आणखी ऐक. उद्या मांडवातली मोठी फुगडी आहे. मला जोडीण हवी. मुंबईहून आणलेल्या पोरी बारीक, पहिल्या गिरकीला उडतात. बाईंना म्हटलं, इब्रामपूरला माझी भाची आहे, माझ्या जोडीची. त्या म्हणाल्या, बोलवा… दे तिला फोन. जवळच उभी असणार, मला माहीत आहे.

…गौरवी? बाय गो, रडू नको आधी… हो, जाड आहोत, मग? फुगडीत सगळ्याजणी तुझाच हात धरायला धावायच्या की नाही? का धावायच्या?… तेच. तू सोडत नाहीस आणि हलत नाहीस.

…हसले तर? हसू देत ना, हसायचाच सिनेमा आहे! पण पडल्यावर नाही. आपण गरगरवल्यावर.

…नाही, पदर ओढून पोट झाकायचं नाही. कासोटा घट्ट मार, म्हणजे झालं… सकाळच्या बसने ये. पेडण्याला तुझा काका स्कूटर घेऊन येईल.

…येतेस? नक्की?… शाब्बास माझी बाय!

…पण उपाशी येशील तर चक्कर येईल, आणि मग मी नाही धरायची… बरं, आईला दे फोन… कुठे गेली?… चुलीकडे? आता कशाला?

…भात वाढायला?

…जा जा, बस पानावर. आईला सांग, बांगडा मोठा वाढ म्हणावं. ठेवते.