नासारिया क्लारोस जिवंत असल्याबाबत

पोलीस ठाणे, पुनाता. दिनांक १ नोव्हेंबर, सर्व संतांचा दिवस, दुपारनंतर.

मी, नासारिया क्लारोस हाल्दीन, वय ३४ वर्षे, धंदा शिवणकाम, मूळ राहणार भट्टीवाल्यांची गल्ली, पुनाता, सध्या मुक्काम ब्वेनोस आयरेस, समक्ष हजर राहून सांगते की, मी जिवंत आहे. सार्जंट रेमुंदो साहेब म्हणाले, हे लिहायची गरज नाही, समोर बसलेली दिसतेच आहेस. मी म्हटलं, लिहाच. हातच्या कांकणाला आरसा नको हे मलाही कळतं, पण आज दुपारी जे घडलं त्यानंतर नुसत्या दिसण्यावर माझा भरवसा राहिलेला नाही. साहेबांनी लिहून घेतलं.

माझे पती एलिओदोरो ट्रक चालवत. आमची मुलगी नायेली रांगत होती तेव्हा त्यांचा ट्रक सांता क्रूझच्या जुन्या घाटात दरीत गेला व ते मयत झाले. त्यांचा आत्मा घरी येऊन जेवावा म्हणून मी नियमाप्रमाणे तीन वर्षं सर्व संतांच्या दिवशी पावाचं मेज मांडलं. तिसरं मेज उचललं आणि त्यानंतर शिवणाच्या कारखान्यात कामाला ब्वेनोस आयरेसला गेले. नायेलीला तिची धर्ममाता, म्हणजे माझी कोमाद्रे सेबास्तियाना, हिच्याकडे ठेवलं. पुढे कोमाद्रे माडीवरून पडली, मांडीचं हाड मोडलं, आणि तिने पोरीला 'पंख' संस्थेच्या घरात नेऊन सोडलं. मला फोन करून सांगितलं. मी हो म्हटलं, कारण नाही म्हणून करणार काय होते?

'पंख' संस्था ग्रिसेल्दा उरिओस्ते बाईंची. तेव्हा ती संस्था म्हणजे बाईंचं राहतं घर, दोन खोल्या आणि मागे कोंबड्यांचा खुराडा, एवढीच होती. बाईंनीच मला शाळेत अक्षरं शिकवली. त्या कधी कुणावर ओरडल्या नाहीत, कुणाचा एक बटाटा घेतला नाही. गावात त्यांना सगळे संत म्हणत. माझा स्वभाव असा की ज्याला सगळे संत म्हणतात त्याच्या घरी मी चप्पल हातात घेऊन बसते, पळावं लागलं तर. पण सुरुवातीला संशय घेण्यासारखं काही नव्हतं हे मी मान्य करते. दर रविवारी नायेली फोनवर बोलायची. मक्याचं सूप आवडतं म्हणायची, कोंबड्यांना नावं दिली आहेत म्हणायची.

नंतर कोमाद्रेच्या फोनवरून कळत गेलं की संस्थेने दुसरं घर घेतलं. मग तिसरं. मग हमरस्त्यावर तीन मजली इमारत उठली, तिला काचेच्या खिडक्या लागल्या, दारावर पंख रंगवलेली जीप उभी राहिली. साकाबात घर, तिराकेत घर, आता सांता क्रूझलाही. परदेशी पाहुणे येतात, पोरांबरोबर फोटो काढतात, जाताना डोळे पुसतात. मी कोमाद्रेला विचारलं, "आपल्याकडे साथ नाही, भूकंप नाही. मग एवढ्या पोरांचे आईबाप मेले कधी?" ती म्हणाली, "तुझ्या जिभेला काही हाड? पोरांना दोन घास मिळतात ते बघवत नाहीत तुला." पण पाणी कुठेतरी मुरतंय हे मला तिथे शिवणयंत्रापुढे बसून वाटत होतं, आणि ते काही केल्या जाईना.

त्यानंतर रविवारचं बोलणं कमी झालं. कधी लाइन खराब, कधी नायेली गाण्याच्या वर्गात, कधी ती झोपली आहे. एकदा बाई स्वतः फोनवर आल्या आणि म्हणाल्या की फोन आला की मुलं रडतात, जेवत नाहीत, तेव्हा काही दिवस करू नकोस. काही दिवसांचं पुढे वर्ष झालं, वर्षाचं दुसरं वर्ष. मी तरी दर रविवारी फोन करतच होते, पण उचलणारी व्यक्ती दरवेळी नवी असायची. कोमाद्रे काठी टेकत इमारतीशी गेली तर दरवानाने तिला फाटकातूनच परत पाठवलं. मी लगेच का आले नाही असं विचारल्यावरून सांगते की, कारखान्याचा मालक कामगारांची ओळखपत्रं स्वतःच्या कपाटात ठेवतो. तो आपल्याच खोऱ्यातला आहे, परका नाही. मागच्या महिन्यात कारखान्यावर धाड पडली तेव्हा कपाट उघडलं व माझं ओळखपत्र माझ्या हातात आलं. ते मी साहेबांना दाखवलं आहे.

आज बसमधून उतरले ती गाठोड्यासकट थेट इमारतीकडे गेले. फाटक सताड उघडं होतं. आजच्या दिवशी ज्या घरात मेज मांडलं असेल त्या घराचं दार प्रार्थनेला येणाऱ्यासाठी लावत नाहीत, मग ते घर कुणाचंही असो. दरवान होताच, पण त्यानेही टोपी काढून मला वाट दिली. माझ्या डोक्यावरून काळी शाल होती. त्याला वाटलं, मी पावासाठी प्रार्थना म्हणणाऱ्यांतली आहे. मी त्याचा गैरसमज दूर करायला गेले नाही. चर्चची बाराची घंटा होत होती. म्हणजे आत्मे घरी यायची वेळ.

दिवाणखान्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत एकच मेज होतं. काळा कपडा, उसाची कमान, फुलावर आलेला कांदा, पावाच्या शिड्या, चिचाचे, म्हणजे मक्याच्या दारूचे, पेले, सगळं रीतीप्रमाणे. त्यात मी खोट काढणार नाही. एकेका मुलापुढे एकेक पावाची बाहुली ठेवली होती, आपापल्या मयताची. खुर्च्यांवर परदेशी पाहुणे बसले होते. प्रार्थना म्हणणाऱ्यांची रांग होती, तिच्यात मी उभी राहिले, कारण पोरीला शोधायचं तर चेहरे बघत बघत जाणं सोपं होतं. ज्याच्यापुढे जावं त्याला विचारायचं, कुणासाठी म्हणू? त्याने नाव सांगायचं. बेतो नावाचा एक लहान मुलगा, दोघी जुळ्या बहिणी, असं करत मी पुढे गेले आणि शेवटच्या कोपऱ्यात नायेली होती. ती माझ्या खांद्याला लागेल एवढी झाली आहे. तिच्या वेण्या कापल्या आहेत. कुणाला विचारून कापल्या, याचाही तपास व्हावा.

मी मान खाली ठेवूनच विचारलं, कुणासाठी म्हणू? ती म्हणाली, "माझ्या आईसाठी. नासारिया क्लारोस."

मी गुडघे टेकले होते. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सुरू झालं होतं. मयताची प्रार्थना मध्येच तोडू नये असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं आहे. म्हणून मी ती शेवटपर्यंत म्हटली, माझ्या आत्म्याच्या शांतीसाठी. नायेलीने रीतीप्रमाणे मला पाव दिला. तो बाहुलीचाच पाव आहे. तिला दोन वेण्या आहेत, टोपी आहे, हाताशी कणकेची कात्री आहे. तो मुद्देमाल म्हणून टेबलावर ठेवला आहे. कुणी खाऊ नये.

त्यानंतर मी शाल मागे सारली. मला वाटलं होतं ती किंचाळेल, किंवा गळ्यात पडेल. दोन्हीची तयारी मी बसमध्ये केली होती. तिने दोन्हीपैकी काही केलं नाही. ती हसली आणि म्हणाली, "मामाय, आलीस? गेल्या वर्षी वाट बघितली मी. आली नाहीस." मी काही बोलायच्या आत तिने चिचाचा पेला पुढे केला. लांबून आलीस, दमली असशील, म्हणाली. मला तेव्हा उमगलं की ती मला आत्मा समजते आहे. तिचं काय चुकलं? बाराच्या घंटेला मेजाशी कोण येतं, हे तिला मीच शिकवलेलं, तिच्या बापाच्या मेजापाशी.

मी तिचा हात धरला व सांगितलं की मी मेलेली नाही, चल, घरी जाऊ. तिने हात सोडवून घेतला. रागाने नाही, अगदी समजूतदारपणे. म्हणाली, "हात नको धरू, मामाय. तुझ्याबरोबर आले तर मी पण मरेन ना. तू बस. खा. उद्यापर्यंत आहेस की." मी हात सोडला. तिला घाबरवून ओढत नेणं मला जमलं नाही. जुळ्या बहिणी जवळ आल्या. त्यांतल्या एकीने मला विचारलं, "आमची आई वाटेत दिसली का?" मी हो म्हटलं. येतेय म्हटलं. हे मी खोटं बोलले, पण ते खोटंच आहे की नाही याची मला आता खात्री नाही. तेव्हा साहेबांनी त्या दोघींच्या आईचाही तपास करावा.

एवढ्यात ग्रिसेल्दा बाई तिथे आल्या. त्यांनी मला ओळखलं हे मी त्यांच्या ताठ झालेल्या मानेवरून ओळखलं. पण त्या क्षणभरही गडबडल्या नाहीत. पाहुण्यांकडे वळून त्यांच्या भाषेत काही बोलल्या. ते काय होतं, ते मला स्वयंपाकीण हिलारिया हिने नंतर सांगितलं. बाई म्हणाल्या होत्या की इथे अशी जुनी प्रथा आहे, गावातली एखादी बाई मेलेल्या आईचं सोंग घेऊन येते आणि मुलांचं दुःख हलकं करते. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईने रडत रडत माझा फोटो काढला. तो फोटो मिळाल्यास पुराव्यात घ्यावा.

मग बाईंनी मला स्वयंपाकघरात नेलं, पाणी दिलं, बसायला स्टूल दिलं. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते हेच. मी विचारलं, बाई, मी कधी मेले? त्या म्हणाल्या, "नासारिया, अर्धं अनाथ पोर बघून कुणी घर बांधून देत नाही. आधी मीही खरं सांगत होते. तेव्हा दोन खोल्या होत्या आणि पोरं एका पांघरुणात तिघं तिघं झोपत होती. आता सगळ्यांना खाट आहे. तुझ्या जिवंत असण्याने तिला खाट मिळाली असती?" मी एवढंच म्हटलं, "मारायच्या आधी विचारायचं तरी, बाई. फोन तर मी दर रविवारी करत होते." त्यावर त्यांनी माझा रिकामा पेला उचलला आणि धुवायला घेतला.

निघताना हिलारियाने मागच्या दाराशी मला गाठलं. तिने सांगितलं की उद्या मेज उचललं की संध्याकाळी जीप काही मुलांना सांता क्रूझच्या नव्या घरी घेऊन जाणार आहे. त्यात नायेलीचं नाव आधी नव्हतं. आता आहे. तिथून पुढे पाहुण्यांपैकी कुणी दत्तक घेणार असल्याचं ती ऐकून आहे. नायेलीला मी मेल्याचं कुणी सांगितलं असं मी हिलारियाला विचारलं. तर म्हणाली, बाईंनी स्वतः मांडीवर घेऊन सांगितलं, आणि सांगताना बाईही रडल्या. त्या रडल्या यावर माझा विश्वास आहे. त्याचीच मला जास्त भीती वाटते. तिथून मी धावत ठाण्यात आले.

सार्जंट साहेबांनी एवढं ऐकून लगेच टोपी घातली व आताच्या आता जाऊन मुलगी ताब्यात घेऊ असं म्हटलं. त्यास मी हरकत घेतली आहे. साहेब रागावले. म्हणाले, "आई आहेस की कोण आहेस? पोर पाहिजे की नको?" पोर पाहिजे. पण आज मी पोलीस घेऊन गेले तर तिच्या मनात तिची मेलेली आई तिला ओढून न्यायला आली, असंच राहील. रात्रभर ती माझ्या शेजारी मरायची वाट बघत पडेल. उद्या झोपेतून उठली तरी तिला वाटेल, आपण गेलो. एवढं भय मी माझ्या हाताने तिला घालणार नाही. बाईंनी घातलं तेवढं पुरे.

तरी माझी विनंती अशी की, आज रात्रभर व उद्या सकाळी इमारतीच्या फाटकावर शिपाई ठेवावा आणि जीप हलू देऊ नये. उद्या दोन तारखेला बाराची घंटा झाली की मेज उचलतात, आणि आलेले सगळे आत्मे परत जातात. मागे एकही राहत नाही. हे नायेलीला पक्कं ठाऊक आहे, कारण बापाच्या वेळी ती दारात उभी राहून त्याला हात हलवायची आणि मग विचारायची, आता गेले का नक्की? घंटा होऊन गेल्यावर, भर उन्हात, माझी सावली पायाशी असताना मी तिच्यासमोर उभी राहीन. तेव्हा मी तिथे दिसले, तर मला जिवंत असण्यावाचून दुसरं काही असता येणार नाही. तिने स्वतः हात धरला तर धरला. तोवर साहेबांनी मागे उभं राहावं.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिला आहे. 'उद्या बारानंतर' हे शब्द मी साहेबांकडून पुन्हा एकदा वाचून घेतले.