मी तिला कन्फेशनला पाठवलं

मी मूळची शहागडची. गोदावरीच्या काठाला आमची वस्ती, बाप दुसऱ्याच्या मळ्यात राबायचा, माय चार घरची धुनी-भांडी करायची. आमच्या आज्यानं धर्म घेतलेला, निजामाच्या टायमाला, म्हंजे आम्ही जन्माचे कॅथलिक, पन गावात कोन इचारतंय, गावाला आमची जातच ठावं. चर्चमधी पयल्यांदा कुनी आमाला वर बसा म्हन्लं, हे माय मरेपर्यंत सांगायची. म्हनून चर्चबद्दल कुनी वाकडं बोललं की मी भांडायला उठायची. हे आधीच सांगून ठिवते, न्हाईतर पुढचं ऐकून तुमी म्हनाल ही बाई चर्चच्या उलटी झाली. मी उलटी न्हाई. आजबी रोज माळ जपते.

नवरा लवकर गेला, पोरगा लहान होता, तवा सिस्टर लोकांनी मला होस्टेलात सैपाकाला ठिवलं. रस्त्याला लागून कंपाउंड, त्यात चर्च, फादरचं घर, सिस्टर लोकांचं घर, अन् मागं मुलींचं होस्टेल. तिथंच मला एक खोली दिली. विसाच्या वर वर्सं काढली मी त्या चुलीपुढं, पोराचं शिक्शन तिथंच झालं, लगीन तिथंच झालं. पोरी कोन म्हनाल तर ऊसतोडीला जानाऱ्यांच्या, मायबाप सहा महिने कारखान्याकडं अन् लेकरं आमच्याकडं. अन् काय सांगू तुमाला, पोरी माझ्यापाशी सगळं बोलायच्या. सिस्टरची भीती वाटते, फादर म्हंजे देवाचा मानूस, मी काय, पीठ मळनारी बाई. कुनाला पाळी आली, कुनाचा बाप दारू पितो, सगळ्यात आधी मला म्हाईत. मला त्याची लई घमेंड होती, खोटं कशाला बोलू.

आता मास्तरचं सांगते. मास्तर म्हंजे आमचा धर्मशिक्शक, मोटारसायकलवर गावोगाव फिरून प्रार्थना शिकवनारा, आमच्यातलाच मानूस. त्याच्या बापानं माझ्या बापाला ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना शिकवली, अन् माझ्या पोराची पयल्या कम्युनियनची, म्हंजे पयल्यांदा प्रसादाची भाकर घ्यायची, तयारी यानं करून घेतली. कुनाकडं मयत झाली की मास्तर हजर. शनिवारी दुपारी तो पेटी घेऊन होस्टेलात यायचा, रविवारच्या मिस्साची, म्हंजे उपासनेची, गानी बसवायला. सगळ्या पोरी गेल्यावर एखाद्या पोरीला मागं थांबवायचा, आवाज कच्चा हाय म्हनायचा. आमाला ते बराबर वाटायचं. मीच त्याला आतून चहा पाठवायची, जादा साखरेचा.

त्या पोरीचं नाव सांगनार न्हाई. कायद्यात बसत न्हाई अन् मनातबी बसत न्हाई. छकुली म्हना. भोकरदनकडची, सहावीत होती, माय न्हाई, बाप तोडीला. शाळेतून आली की माझ्यापाशी येऊन लसून सोलायची, मी म्हनायची अभ्यास कर गं, तर म्हनायची सोलता सोलता पाठ होतं मावशी. त्या शनिवारी गान्यानंतर आली अन् बसली. खाली बघूनच म्हन्ली, मावशी, मला गान्याला न्हाई जायचं. मी म्हन्ले का गं. तर म्हन्ली, मास्तर हात लावतात, कुठंबी. एवढंच म्हन्ली अन् पुन्हा सोलायला लागली.

आता हे नीट लिहा. मला ते खोटं वाटलं न्हाई. एका क्शनाला बी वाटलं न्हाई. लोकं म्हनतात आमाला इश्वास बसला न्हाई, तसं माझं न्हाई, मला इश्वास बसला होता, अन् बसूनसुदा मी भाजीत मीठ टाकून राह्यले. डोक्यात एकच, हे भाईर गेलं तर गाव टपूनच बसलंय, चर्चचं नाव जाईल. अन् आमच्यात रीत अशी की मनावर वझं आलं की फादरच्या कानात घालायचं. तुमाला म्हाईत नसंल, कन्फेशन म्हंजे फादर पडद्याच्या पल्याड बसतो, आपुन आपलं पाप सांगायचं, तो माफी देतो, अन् ऐकलेलं मरेस्तोवर कुनाला सांगत न्हाई, पोलिसाला न्हाई, बिशपला न्हाई. मी म्हन्ले, याच्याइतकी पक्की जागा कोनती? फादरला कळंल, भाईर कुनाला कळनार न्हाई, अन् फादर काय करायचं ते बघंल. मंग मी छकुलीला म्हन्ले, उद्या मिस्साच्या आधी कन्फेशनला जा, फादरला सगळं सांग.

पापाची जागा ती. अन् मी लेकराला तिथं पाठवलं. पाप कुनाचं, अन् गुडघ्यावर कोन बसलं.

गेली ती. भाईर आली तवा मी नजरेनंच इचारलं, सांगितलं का, तिनं मान हालवली. मी सुटले. खरंच सांगते, त्या दिवशी मी पोरींना शिरा केला.

पुढच्या शनिवारी मास्तर आला. मला वाटलं फादर बघून राह्यलेत, अशी कामं जल्दी होत न्हाईत, काही वाट काढावी लागत असंल. त्याच्या पुढच्या शनिवारी आला. मधी एक दिवस फादर सैपाकघरात आले, ते कधी येत न्हाईत, दारातच उभे राह्यले अन् म्हन्ले, बाई, पोरी बऱ्या आहेत ना, काही सांगतात का तुम्हाला? मी म्हन्ले, सगळं बराबर हाय फादर. मला वाटलं मी गप बसते का न्हाई ते बघून राह्यलेत. फादरनी मांडनीवरच्या ताटांकडं बघितलं अन् गेले. आज कळतंय, त्या मानसाचं तोंड बांधलेलं होतं, अन् माझं सुटं होतं. सुटं तोंड घेऊन मी बराबर हाय म्हन्ले.

असे पाच शनिवार गेले. पाच. मी मोजलेत, रोज मोजते. पोरगी वाळून गेली, ताटातली भाकर शेजारनीच्या ताटात सारायची. मी तिला वरून दूध द्यायची. दूध! सहाव्या शनिवारी पेटीचा सूर सुरू झाला अन् मी गहू काढायला कोठीत गेले तर ही पोत्यांच्या मागं अंग चोरून बसलेली. मी म्हन्ले, अगं, फादरला सांगितलंस ना तू, काय म्हन्ले फादर? तर म्हन्ली, हे तुझं पाप न्हाई बाळ, भाईर जाऊन मोठ्या मानसाला सांग, म्हन्ले. मी म्हन्ले, मंग सांगायचं न्हाई का गं लेकरा? तिनं माझ्याकडं बघितलं अन् म्हन्ली,

मोठ्या मानसालाच सांगितलं होतं मावशी. तूच मला फादरकडं पाठवलंस.

मी तिथंच गव्हावर बसले. मंग उठले, तिचा हात धरला अन् हॉलमधी गेले, पेटीवर हात ठिवला अन् मास्तरला म्हन्ले, उठ. आयुष्यात पयल्यांदा मी त्याला अरे-तुरे केलं. तसंच छकुलीला घेऊन मोठ्या सिस्टरकडं.

सिस्टर अर्धं ऐकूनच पांढरी पडली, पन बाई चांगली, तिनं आधी पोरीला पानी दिलं, मंग भिंतीवरच्या कागदावरचा लेकरांच्या तक्रारीचा नंबर बघून फोन लावला. तो कागद माझ्यासमोर वर्सभर लटकून होता. त्याचं ट्रेनिंगबी झाल्तं आमचं, संभाजीनगरहून एक सिस्टर आल्ती, लेकरानं काही सांगितलं तर त्याच दिवशी कुनाला सांगायचं ते समजावून गेली. सगळ्यांनी सह्या केल्या. मीबी केली. पन मी दारात बसले होते, भात लागंल म्हनून तीनदा उठून गेले, अन् ती नेमकं काय बोलली ते मला आठवत न्हाई. भात मात्र लागला न्हाई.

संध्याकाळपर्यंत पोलीस बाई आली, साध्या कपड्यात. छकुलीला तिची सख्खी मावशी भोकरदनला घेऊन गेली. मास्तरला धरलं. अन् मंग माझा जबाब घ्यायचा दिवस ठरला.

आदल्या दिवशी पोरगा आला. वडीगोद्रीला हायवेवर त्याचं पंक्चरचं दुकान हाय. म्हन्ला, आई, मी वकिलाला इचारून आलो, ज्याला कळलं त्यानं लगेच सांगायला पाहिजे, न्हाईतर त्याच्यावरबी गुन्हा. तू म्हन, सिस्टरला सांगितलं त्याच दिवशी मला कळलं. कोन बघायला आलंय? मी म्हन्ले, छकुलीनं काय सांगितलंय? मला म्हाईत होतं तिनं काय सांगितलंय. तिनं सांगितलं होतं, मी मावशीला पयल्याच दिवशी सांगितलं, लसून सोलताना. आता मी न्हाई म्हन्ले तर खोटं कोन ठरतं? ती ठरते. अन् एका जागी खोटी ठरली की मास्तरचा वकील सगळीकडं खोटी पाडनार. पोरगा हाता-पाया पडला, सुनेला रडायला लावलं. मी भ्याले न्हाई असं न्हाई. लई भ्याले. जबाबाला बसले तवा पोलीस बाईनं चहा दिला तो लुगड्यावर सांडला. पन मी सांगितलं. पयल्या दिवशी सांगितलं तिनं, मी लपवलं, पाच शनिवार लपवलं, असंच लिहा म्हन्ले. अंगठा न्हाई, सही केली.

मंग काय. चर्चमधल्या बाया माझ्या शेजारी बसंनात. मास्तरची बायको भर रस्त्यात म्हन्ली, आमच्या घरचं मीठ खाऊन आमचंच घर बुडवलं. अन् सिस्टरनं मला सैपाकावरून काढलं. रडली ती काढताना, पन काढलं, ज्यानं लपवलं त्याला पोरींपाशी ठिवता येत न्हाई, असा नियम हाय. नियम बराबर हाय. तिच्या जागी मी असते तर मीबी काढलं असतं. फादरची बदली झाली, जाताना माझ्या डोक्यावर हात ठिवला.

आता मी पोरापाशी राहते, त्याच्या शेजारच्या ढाब्यावर भाकरी थापते, ट्रकवाले खातात. केस चालू हाय जालन्याला, माझ्यावरबी कागद हाय, जे व्हायचं ते हून जाईल. मागल्या तारखेला छकुली दिसली, मावशीसंगं झाडाखाली बसली होती, उंच झालीय. मी लांबूनच थांबले. तिनं बघितलं अन् तोंड फिरवलं. रागावू द्या. तिची मावशी पानी प्यायला आली तवा सांगत होती, नव्या शाळेत एक बाई हायेत, त्यांच्यापाशी लई बोलते म्हने, सगळं सांगते, बारीकसारीकबी. ऐकून मी तिथंच क्रूस काढला छातीवर. माझ्याशी ती पुन्हा बोलू नये, पन त्या बाईचे कान देवानं शाबूत ठिवावेत, अन् तिनं ऐकलं की लगेच उठावं.