पुढची रांग आधी

सुतार : ...वारा नाही, बाई. वाऱ्यानं भुसा पडत नाही. गॅलरीखालच्या खुर्च्या सकाळी मी स्वतः पुसल्या. आत्ता त्यातल्या दोन खुर्च्यांवर लाकडाचा भुसा आहे. बारीक, ताजा.

मोठ्या बाई : काका, हळू बोला. चिटणीस साहेबांचं भाषण चालू आहे, विंगेतलं सगळं बाहेर ऐकू जातं. पाच मिनिटांत मला माइकवर जायचंय. नव्या पालकांना शाळेची मूल्यं सांगायचीत, आणि तुम्ही मला भुसा सांगताय.

सुतार : भुसा राहू द्या, भेगेचं ऐका. गॅलरी ज्या मधल्या तुळईवर उभी आहे, तिच्या भेगेवर मी सोमवारी पेन्सिलीनं आडवी रेघ मारली होती. भेग हलली तर रेघ तुटते.

मोठ्या बाई : आणि?

सुतार : आत्ता शिडी लावून बघून आलो. रेघेची दोन टोकं बोटभर लांब गेलीत.

मोठ्या बाई : बोटभर.

सुतार : माझं बोट. जाड आहे.

मोठ्या बाई : वर किती माणसं आहेत?

सुतार : शंभरावर. सहाच्या सहा रांगा गच्च. आईबाप, पोरं. पहिल्या रांगेत आपल्या गाण्याच्या सोळा मुली. तुमचं बोलणं झालं की त्या उभ्या राहून गाणार आणि शेवटच्या कडव्याला पाय आपटणार.

मोठ्या बाई : मी आत्ताच्या आत्ता जाहीर करते. सगळ्यांनी बाहेर पडा म्हणून सांगते.

सुतार : नेमकं तेच करू नका. वरून उतरायला जिना एकच, त्यात दोन माणसं शेजारी मावत नाहीत. शंभर माणसं एकदम उठून पळाली तर तुळई तो धक्का घेणार नाही. आणि घेतला तरी जिन्यात पोरं चेंगरतील.

मोठ्या बाई : मग काय करू? मला काही सुचत नाहीये, काका.

सुतार : एकेक रांग उतरवायची. पुढची रांग आधी. पुढचा भाग तुळईच्या बाहेर लोंबतोय, ओझं तिथं जास्त. मग दुसरी, मग तिसरी. सावकाश चालत.

मोठ्या बाई : आणि गॅलरीच्या खाली बसलेत ते?

सुतार : ते सगळ्यांच्या आधी. बाजूच्या दारानं मैदानावर.

मोठ्या बाई : कारण काय देऊ?

सुतार : ते तुमचं काम. शाळा सांगायला उभ्या राहणार आहात ना, शाळाच सांगा.

मोठ्या बाई : तुमचं पत्र माझ्या टेबलावर आहे. तीन महिने झाले. आजचा कार्यक्रम होऊ दे, मग गॅलरी बंद करू, असं मीच म्हटलं होतं. यंदा मुलं कमी झालीत, कुलूप लावलेली गॅलरी पालकांच्या नजरेला पडायला नको म्हणून.

सुतार : ते आता नको. ऐका. मी तुळईच्या खाली उभा राहतो.

मोठ्या बाई : खाली? आणि पडली तर?

सुतार : भेग तिथूनच दिसते. एक टेकू दिलाय, त्याला पाचर ठोकत राहावं लागेल. वर पी.टी.चे सर आहेत, त्यांना फोन लावून चालूच ठेवतो. मी हात वर केला की तुम्ही नुसतं बोलत राहायचं, कुणाला उठवायचं नाही. हात खाली केला की पुढची रांग.

मोठ्या बाई : काका, तुमची नात आज येणार होती ना, सुनेबरोबर?

सुतार : आलीय.

मोठ्या बाई : कुठे बसलीय?

सुतार : वर. शेवटच्या रांगेत.

मोठ्या बाई : मग...

सुतार : मग काय, बाई. पुढची रांग आधी. जा आता, साहेबांचं संपलं.

(यापुढे मोठ्या बाई रंगमंचावर, माइकसमोर. सुतार गॅलरीखाली आणि पी.टी.चे सर गॅलरीत. दोघं फोनवर, दबक्या आवाजात.)

मोठ्या बाई : नमस्कार. टाळ्या राहू द्या. खरंच, राहू द्या. टाळ्या शेवटी, मैदानावर. मी दहा पानांचं भाषण लिहून आणलं होतं, ते बाजूला ठेवते. शाळा खुर्चीत बसून कळत नाही. आमची प्रयोगशाळा आहे, सुतारकामाचा वर्ग आहे, मुलांनी लावलेली बाग आहे. ते सगळं आज तुम्ही चालत बघायचं. गॅलरीच्या खाली बसलेल्यांपासून सुरुवात करू, त्यांच्यामागून खालचे बाकीचे. उजव्या दारानं बाहेर. खुर्च्या न सरकवता, आवाज न करता उठायचं. आमच्या मुलांना पहिल्या आठवड्यात आम्ही हेच शिकवतो.

सर : काका, फोन कशाला केलात? आणि बाईंचं हे काय चाललंय? कार्यक्रमात हे नव्हतं.

सुतार : सर, फोन कानाला घट्ट धरा आणि चेहऱ्यावर काही दाखवू नका. तुमच्या पायाखालची तुळई तडकलीय.

सर : मस्करी करताय का?

सुतार : मस्करी करतो मी, पण लाकडाची नाही. एकेक रांग उतरवायचीय, पुढून मागे. शिट्टी कुठंय तुमची?

सर : गळ्यात.

सुतार : खिशात घाला. सवयीनं वाजवाल. आणि जिन्याच्या तोंडाशी, भिंतीला लागून उभे राहा.

सर : काका, माझ्या पायाखाली आत्ता काहीतरी हललं.

सुतार : हलणारच. खालचं सभागृह रिकामं झालं. आता गाण्याच्या मुली.

मोठ्या बाई : आता गॅलरीतली पहिली रांग. मुलींनो, आपलं गाणं मैदानावर होईल. एकीमागे एक, पाय न वाजवता. सगळ्यात हळू कोण उतरतं ते मी इथून बघणार आहे. पालकहो, पहिल्या येणाऱ्याचं कौतुक सगळ्याच शाळा करतात. आमच्याकडे हळू चालणाऱ्याचंही होतं. हे माहितीपत्रकात छापलेलं नाही, पण आहे.

सर : मुली उतरल्या. दुसऱ्या रांगेतले निघाले, पण एक गृहस्थ उठत नाहीत. म्हणतात, तासभर आधी येऊन जागा धरलीय, निकालाची टक्केवारी कळल्याशिवाय हलणार नाही.

सुतार : सांगा, निकाल मैदानावर लावलाय.

सर : उठले. घाईतच निघालेत.

सुतार : पळू देऊ नका.

सर : साहेब, सावकाश. निकाल कुठं जात नाही. ...काका, तिसऱ्या रांगेतला एक बाप माझ्याकडे टक लावून बघतोय. म्हणतो, सर, तुमचं तोंड पांढरं पडलंय, खरं काय ते सांगा. काय सांगू?

सुतार : खरं सांगा. कानात.

सर : सांगितलं.

सुतार : काय म्हणाला?

सर : म्हणाला, माझी दोन पोरं आहेत इथं. त्यांना बायकोबरोबर खाली पाठवलं आणि स्वतः जिन्याच्या वळणावर जाऊन उभा राहिलाय. एकेकाला हात देतोय.

सुतार : थांबवा. सगळ्यांना थांबवा. भेग सरकतेय. मी हात वर केलाय.

मोठ्या बाई : तर, चौथ्या रांगेनं जरा थांबायचंय. मला ग्रंथालयाबद्दल सांगायचं राहिलं. आमचं ग्रंथालय. त्यात पुस्तकं आहेत. पुष्कळ पुस्तकं आहेत. मुलं ती घरी नेतात. काही मुलं परत आणतात. खिडक्याही आहेत, मोठ्या.

सर : बाईंना काय झालं?

सुतार : घाबरल्यात. पाचर ठोकू द्या मला. एक. अजून एक. बसली घट्ट. हात खाली करतोय. चौथी रांग सोडा.

सर : चौथी निघाली. एक म्हातारे आहेत, काठी घेऊन. सगळे त्यांच्यासाठी खोळंबलेत.

सुतार : खोळंबू दे. जिन्यात बरं आहे, तो भिंतीत बांधलेला आहे.

सर : उतरले. ...काका, तो आवाज.

सुतार : ऐकला. कुणाला उठू देऊ नका.

सर : उठतायत. दोन रांगा राहिल्यात, तीसेक माणसं. एक बाई ओरडली. काका, मी शिट्टी मारतो.

सुतार : नको. बाईंकडे बघा. बाई बोलतायत.

मोठ्या बाई : वरच्या सगळ्यांनी माझ्याकडे बघा. फक्त माझ्याकडे. आवाज मीही ऐकला. आता खरं सांगते. तुमच्या खालची तुळई तडकलीय. तुम्हाला घाबरवायचं नव्हतं, म्हणून ही बाग आणि प्रयोगशाळा. सत्तर माणसं सुखरूप उतरलीत, तुम्ही तीस राहिलात. एकदम उठलात तर ती धरणार नाही. एकेक उठलात तर धरेल. हे मला ज्यांनी सांगितलं, ते आत्ता तुमच्या अगदी खाली उभे आहेत. त्यांना खात्री नसती तर ते तिथं उभे राहिले नसते. बसा. जिन्याजवळच्या खुर्चीपासून, मी बोट दाखवीन तसं एकानंच उठायचं. तुमच्यातला शेवटचा माणूस उतरेपर्यंत मी इथून हलणार नाही.

सर : बसले. काका, खरंच बसले सगळे.

सुतार : मग सोडा एकेक.

सर : तुम्हाला खात्री आहे ना?

सुतार : बाईंनी सांगितलं ना, आहे म्हणून.

सर : पाचवी रांग संपली. शेवटची चालू आहे. सावकाश, ताई, भिंतीकडून. हां, पुढचे. ...काका, एक मुलगी राहिलीय. पार टोकाची खुर्ची. आई पुढं निघाली, ही मागून येईल म्हणून, पण ही उठलीच नाही. समोरच्या खुर्चीची पाठ धरून बसलीय. आई जिन्याच्या तोंडातून हाका मारतेय, तरी नाही.

सुतार : दोन वेण्या?

सर : हो.

सुतार : सुनेला पुढं येऊ देऊ नका. फोन मुलीच्या कानाला लावा. तुम्ही पायाखाली बघून जा.

नात : आजोबा?

सुतार : बोल गं.

नात : मला उठता येत नाहीये. खाली करकरतंय.

सुतार : करकरू दे. करकरतं तोवर लाकूड धरून असतं.

नात : तुम्ही कुठं आहात?

सुतार : बरोबर तुझ्या खाली.

नात : तिथून बाजूला व्हा ना.

सुतार : होणार. तू जिन्यावर पोचलीस की लगेच.

नात : आणि मी उठलेच नाही तर?

सुतार : तर मीही इथंच. दोघांना जेवायला उशीर होईल.

नात : हसवू नका मला.

सुतार : बरं. मध्ये खुर्च्या किती आहेत, सांग.

नात : तेरा.

सुतार : एक हात मागच्या भिंतीला लाव आणि मोजत ये. मला ऐकू येईल असं मोज.

नात : एक. दोन. तीन. चार. ...आजोबा, हललं.

सुतार : मला दिसलं. पाच म्हण.

नात : पाच. सहा. सात. आठ. नऊ. दहा. अकरा. आईनं हात पुढं केलाय.

सुतार : धर.

सर : धरला. मुलगी जिन्यात गेली, काका. दोघी गेल्या.

सुतार : ...हं.

सर : काका?

सुतार : ऐकतोय. आता तुम्ही या.

सर : पाय उचलत नाहीयेत. रोज मैदानावर पोरांना म्हणतो, घाबरायचं काय त्यात.

सुतार : उद्या म्हणू नका. या.

सर : आलो. जिन्यात आहे. ...खाली पोचलो. टेकू सोडा, काका, निघा तिथून. बाई, माइक राहू द्या, चला.

मोठ्या बाई : सगळे मैदानावर आहेत? मोजलेत?

सर : जिन्यावर एकेक मोजलाय. चला.

सुतार : दारातून बाहेर व्हा आधी, बाई. मागं बघू नका.

सर : ...गेली गॅलरी. ऐकलंत?

सुतार : टेकू मोडला असणार. दाराला कुलूप घालतो. कुणी डोकावायला नको.

एक आई : मुख्याध्यापिका तुम्हीच ना? मैदानभर शोधतेय तुम्हाला. मला एकच विचारायचंय. हे तुम्हाला आजच कळलं?

मोठ्या बाई : तडकली ते आज कळलं. ती खराब आहे, हे तीन महिन्यांपूर्वी लेखी कळलं होतं.

एक आई : आणि तरी आम्हाला वर बसवलंत.

मोठ्या बाई : हो.

एक आई : आत तुम्ही हे बोलला नाहीत.

मोठ्या बाई : नाही बोलले. आता सगळ्यांसमोर बोलणार आहे.

एक आई : माझी मुलगी दुसऱ्या रांगेत होती. तुमचे आभार मानायला आले होते. आता मानावेत की नाही, कळत नाहीये. तिचं नाव मी या शाळेत घालणार नाही.

मोठ्या बाई : बरोबर आहे तुमचं.

एक आई : निदान थोडा वाद तरी घालायचात.

सुतार : बाई, चिटणीस साहेब फाटकाशी तुमची वाट बघतायत. कार्यक्रम बदलायला कुणी सांगितलं, विचारतायत. माझं नाव सांगा. सुतारानं सांगितलं म्हणा.

मोठ्या बाई : म्हणेन. सुतारानं तीन महिने सांगितलं, मी ऐकलं नाही, असं म्हणेन. नात कशी आहे?

सुतार : आईला चिकटून बसलीय.

मोठ्या बाई : तिला आमच्याकडे घालणार का, हे मी विचारणार नाही.

सुतार : नका विचारू. सुनेनं अजून माझ्याकडे बघितलेलं नाही. मागची रांग शेवटी ठेवायला मीच सांगितलं होतं, हे तिला कळलंय.

मोठ्या बाई : मी बोलू तिच्याशी?

सुतार : आज नको.

मोठ्या बाई : मग मी लोकांसमोर जाते. सगळे निघून जायच्या आत सांगायला हवं. काय सांगणार होते मी? आत्ता होतं डोक्यात.

सुतार : आठवेल. आधी दोन मिनिटं बसा.

मोठ्या बाई : इथं? सगळे बघतायत.

सुतार : बघू दे. गवतावर बसा, बाई. ही जमीन आहे.