पाठीवरचा डबा

आमचं गाव धरणाच्या कडंला. भोरहून मोटारसायकलनं अर्ध्या तासावर. पडवीत उभं ऱ्हायलं की समोर पाणीच पाणी, आन त्या पाण्याखाली आमची जुनी शेतं, जुनं गाव, आमच्या देवाचं जुनं देऊळ. उन्हाळ्यात पाणी हटलं की देवळाचा कळस वर येतो, मग आमी चिखल तुडवत जातो, नारळ फोडून येतो. आमच्या घराण्यात एक नेम हाये, धरणात पवायचं न्हाई. आजा म्हणायचा, खाली देव हाये, देवाच्या डोक्यावर पाय मारत फिरायचं व्हय रं? त्यामुळं गावातली समदी पोरं तरंगायला पाठीला रिकामा डबा बांधून पाण्यात पडायची, आन आमच्या घरातली पोरं कडंला बसून त्यांची कापडं राखायची. काय सांगू तुमाला, धरणावरच्या माणसाला पवाय येत न्हाई हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत न्हाई, आन म्या तर कुणाला सांगितलंच न्हाई. सगळं तिथनं सुरू झालं.

आता भोरला स्टँडाजवळ माझं इस्त्रीचं दुकान हाये, तुमी शर्ट टाकता, आन आज वही काढून बसलाय. म्हणता, दत्तोबा, तुमच्यासारखी घडी कुणाची पडत न्हाई. ती घडी म्या हितं न्हाई शिकलो, जहाजावर शिकलो. त्याआधी नसरापूरला हायवेच्या एका हॉटेलात कामाला हुतो, चादरी, टेबलावरची कापडं बघायचो, आन भांड्याला हुता किसन. किसन वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाडीतला. माझ्यापरीस पाच-सहा वर्सांनी लहान, मला दादा म्हणायचा, आन गप बसणं त्याला ठाऊक न्हाई. ताट घासता घासता ताटाशी बोलंल. हॉटेलात जेवायला आलेल्या एका माणसानं पुण्याच्या एजंटाचा नंबर दिला, परदेशी जहाजावर माणसं लागत्यात म्हणला. आमी दोघं गेलो. फॉर्मवर एक रकाना हुता, पवाय येतं का. किसननं माझ्याकडं न बघताच म्हणलं, दादाला काय इचारता, दादा धरणावरचा हाये. म्या लिवलं, येतं. एक शबूद.

निघायच्या दिवशी किसनची आई आमाला सोडायला नसरापूरला आली, वेल्ह्याच्या गाडीनं. तिला म्या बी आयेच म्हणतो. म्हातारी तवा चांगली खडखडीत हुती. स्टँडवर चार माणसांत तिनं किसनचा कान धरला आन म्हणली, किसन्या, तिकडं काय बी झालं तर आधी तू भायेर पडायचं, मागं वळून बघायचं न्हाई, कुणासाठी बी न्हाई, माझी शपथ हाये तुला. मग माझ्याकडं वळून म्हणली, आन तू रं, तुला पाण्याची माहिती हाये, माझ्या येड्याकडं ध्यान ठिव. म्या म्हणलो, आये, काळजी करू नको. आता ही शपथ तुमाला साधी वाटंल. पण आमच्याकडं आईची शपथ मोडली की ते आईच्याच जिवावर येतं असं मानत्यात. तुमी शिकलेले, हसाल. किसन मानतो, अजून मानतो.

जहाजाचं नाव सांगत न्हाई. टीव्हीवर समद्यांनी बघितलंय, समुद्रात एका कुशीवर निजलेलं पांढरं जहाज, कितीतरी दिवस दाखवत हुते. आमच्या भोरची अख्खी बाजारपेठ आत बसली असती येवढं. म्या सगळ्यात खाली, धुलाईखान्यात. समुद्रावर काम करायचो खरं, पण समुद्र दिसायचा न्हाई, नुसत्या चादरी. त्या दिवशी संध्याकाळी जेवणाची पहिली पंगत बसली हुती, आन खालनं असा आवाज आला, जसा नांगर खडकाला लागतो ना, तसा, पण लांबलचक. मग दिवे गेले, परत आले, आन टेबलावरच्या घड्या आपल्या आपण सरकायला लागल्या. म्या काय केलं सांगू? म्या त्या घड्या सावरत बसलो. मूर्खावानी. तेवढ्यात बाकीची माणसं वर पळाली, आन दारातनं पाणी आलं. गुडघ्याला आलं, कमरंला आलं. म्या एक मशीन गाठलं, त्याच्यावर चढलो आन वरचा पाइप मिठी मारून धरला.

किसन वर बोटीपाशी पोचला हुता. तरंगायचं जाकीट घातलेलं, बोटीत पाय टाकलेला. आपली माणसं त्यानं बघितली, त्यात म्या न्हाई. त्यो वळला. पाण्यातनं पवत, भिंती धरत खाली आला आन वरडला, दादा, सोड की पाइप, पव, धरणावरचा ना तू! म्या म्हणलो, किसन्या, येत न्हाई रं मला. त्यानं मला अशी शिवी हाणली, ती तुमच्या वहीत लिवू नका. मग आपलं जाकीट काढून त्यानं माझ्या गळ्यात घातलं. तरी माझा हात सुटंना. त्या जाकिटावर माझा इस्वासच बसंना, नारिंगी हलकी वस्तू ती, ती काय माणूस तारणार. किसननं इकडं तिकडं बघितलं. पातळ साबणाचे मोठे डबे आसायचे आमच्याकडं, त्यातला एक रिकामा तरंगत आला हुता. त्यो त्यानं घेतला, चादर फाडली, आन माझ्या पाठीला डबा बांधला, बारक्या पोराला बांधत्यात तसा, छातीवर गाठ मारून. आन खरं सांगतो, पाठीला डबा टेकला तसा माझा हात सुटला. लहानपणी म्या कडंला बसून बघितलं हुतं ना, डबा बांधलेलं पोरगं बुडत न्हाई.

माझी हनुवटी धरून त्यानं मला वडत नेलं. जिन्यापाशी एक लोखंडी दार हुतं, ते जहाजाच्या कलण्यानं मिटायला लागलं. त्यानं डाव्या हातानं ते धरून ठिवलं आन मला आधी भायेर ढकललं. त्या दारात त्याची दोन बोटं गेली. करंगळी आन तिच्या शेजारचं.

आता ऐका, पुढचं माझं पाप हाये. बोटीनं किनाऱ्याला लागलो, तिथल्या लोकांनी आमाला एका शाळेत ठिवलं, घोंगड्या दिल्या, गरम काहीतरी प्यायला दिलं. किसनच्या हाताला पट्टी. एका बाईनं आपला मोबाईल दिला, किसननं वाडीतल्या शेजाऱ्याला लावला, आये आली फोनवर. ती काय बोलली ते मला ऐकाय आलं न्हाई, पण किसन म्हणला, न्हाई गं, वळलो न्हाई मागं, तुझी शपथ कशी मोडीन, म्याच खाली अडकलो हुतो, दत्तादानं येऊन काढलं. आन माझ्याकडं बघून डोळा मारला, त्या हालतीत. आन फोन माझ्या हातात दिला. आये रडत हुती, म्हणली, लेकरा, तू काढलंस व्हय माझ्या पोराला? म्या म्हणलो, व्हय आये.

माघारी आलो तर गावानं शाल-नारळ दिला. बायको माझी, सुनंदा, माहेरी जाऊन दहा घरी सांगून आली. आन दरवर्षी भात झोडून झालं की वेल्ह्यावरनं एक पोतं यायचं, आंबेमोहोर, नव्या भाताचा. आयेचा नेम, पहिला घास देवाला, दुसरा दत्ताला, मग घरात चूल. सुनंदा भात शिजवायची, वास दारापतूर यायचा, पोरं म्हणायची, आयेचा भात! आन माझ्या घशाखाली उतरायचा न्हाई. उतरायचा म्हंजे, खायचो की. तेरा वर्सं खाल्ला. किसनला म्हणायचो, सांगू या रं. त्यो म्हणायचा, गप दादा, तिला काय झालं तर?

यंदा दिवाळीनंतर पोतं आलं न्हाई. किसनचा फोन आला, आये शेणात पाय घसरून पडली, कमरंत मार हाये, खाटंवर हाये, तुला बोलावलंय. आन म्हणला, दादा, तिनं एक मनात धरलंय, ती गेली की तिचं मडकं आपण दोघांनी धरायचं, राख सावडून पाण्यात बी दोघांनी सोडायची, तू थोरला म्हणून. म्या दुकानाचं शटर वडलं. लेकाचं काम ते. त्या एका व्हयवर म्या तिचा लेक हुणार हुतो, आन ती गेल्यावर खोटं दुरुस्त करायला कुणी उरणार न्हाई.

किसन मला वाडीच्या खालीच भेटला. त्याला माझ्या तोंडावरनं कळलं. रस्त्यात गाडीपुढं उभा ऱ्हायला आन हात जोडले, एक पुरा, एक अर्धा, म्हणला, दादा, आता सांगशील तर ती म्हणंल शपथ मोडली म्हणूनच म्या पडले, आन तिला काय झालं तर म्या काय करू? म्या म्हणलो, किसन्या, तिला काय झालं तर तू मला बोल, पण मला आता खाली ठिवू दे हे.

आये पडवीत खाटंवर, सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत हुती. म्या पायाशी बसलो आन सांगितलं. समदं. पाइप, डबा, दार. किसन दाराआड उभा. तिचा हात तांदळात थांबला हुता.

मग ती म्हणली, किसन्या, हिकडं ये. त्यो आला. तिनं त्याचा डावा हात घेतला, जिथं बोटं न्हाईत तिथं अंगठा फिरवला. आन त्याच्या खांद्यावर असं सूप हाणलं की तांदूळ समद्या पडवीत उधळला. चाळीशी ओलांडलेला बाप्या, त्याची पोरं बघत्यात. म्हणली, मुडद्या, तेरा वर्सं म्या तुला टोचून खाल्लं, दत्ताचं काळीज बघ, तू असतास तर आला असतास का कुणासाठी माघारी? आन तू ऐकून घेतलंस? जेवतानी बी टोचलं रं म्या तुला! आन ती पदर तोंडाला लावून रडाय लागली. किसन म्हणला, आये, तुझी शपथ मोडली गं म्या. ती म्हणली, ती शपथ भ्यालेल्या बाईनं घातली हुती, देवाला काय तेवढं कळत न्हाई?

मला वाटलं आता माझी पाळी. म्या म्हणलो, आये, माझं नाव काढ त्यातनं, मडक्याला किसन एकटा पुरे. तिनं डोळं पुसलं आन माझ्याकडं बघितलं. म्हणली, धरणावरचा ना तू? आन पवाय येत न्हाई? म्या मान हालवली. तर ती हसायला लागली, कमरंत कळ येते तरी हसायचं थांबंना. म्हणली, नाव कशाला काढू, माझ्या लेकाची दोन बोटं गेल्यात तुझ्यापायी, सवंग मिळाला न्हाईस तू मला. पण माझी राख घेऊन पाण्यात उतरायचंय तुला, आन तिथंच बुडालास तर लोक म्हणतील म्हातारी जाताना एक घेऊन गेली. आधी पवाय शीक.

तर सायेब, आता दर रविवारी म्या वेल्ह्याला जातो. वाडीखाली नदीचा डोह हाये, आमच्या देवाचं पाणी न्हाई ते, त्यामुळं नेम बी मोडत न्हाई. पन्नाशीचा माणूस, पाठीला निळा डबा, कडंला वाडीतली पोरं हसत्यात. काठी टेकत चालाय लागलेली आये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसती, गाठ तीच बांधती. आन किसनला म्हणती, सोडलंस त्याला तर माझी शपथ हाये. किसन माझी हनुवटी धरतो, तीन बोटांनी.

आये म्हणती, तुझ्या पाठीचा डबा सुटला की म्या जायला मोकळी.

आता म्या एवढं समदं कबूल केलं, तर हे बी करतो. मला पवाय येतं. पंधरा दिस झाले, आये घरी गेल्यावर किसननं डबा सोडला आन म्या डोह पार केला, हिकडनं तिकडं, एकट्यानं. किसननं बघितलं. काठावर आल्यावर डबा परत माझ्या पाठीला बांधला आन म्हणला, दादा, तुला अजून काय जमत न्हाई बघ. म्या म्हणलो, न्हाई रं, लई बाकी हाये.

ही एक लबाडी तेवढी ऱ्हाऊ द्या माझ्याकडं. घ्या, तुमचा शर्ट झाला.