एका सुरमईचे दोन फोटो

महागड्या मोबाइलांमध्ये कुणाचा कॅमेरा भारी, हे नेटवर शोधत बसू नका, मला विचारा. मी पनवेलच्या मासळी बाजारात पारखून घेतलंय.

माझा आणि माझ्या साडूचा, दोघांचेही फोन नवे, वेगवेगळ्या कंपन्यांचे. रविवारी दोघी बहिणी घरी, आम्ही दोघं बाजारात. बायकोचा हुकूम होता, "सुरमई घेण्याआधी कल्ला उघडून फोटो पाठवा."

कोळीण मावशीने कल्ला उघडून धरला. "सकालचीच हाय, दादा!"

दोघांनीही फोटो काढून पाठवले. लगेच बायकोचा फोन. "तुमची शिळी दिसतेय, कल्ला तपकिरी पडलाय. भाऊजींची बघा कशी लालभडक आहे! तीच घ्या."

"अगं, मासा एकच आहे!"

साडू छाती फुगवून म्हणाला, "याला म्हणतात कॅमेरा!"

मी त्याला मानेला धरून माशावर वाकवलं. कल्ला तपकिरीच होता. "आता बोल, कुणाचा कॅमेरा खरा?"

मावशीच बोलली, "तुजाच खरा, दादा. तो तू घरी ने. यांचा मातर माज्या पाटीवर र्‍हाऊ दे, परवाची मासळी पन खपंल."