खटक्यावरची सही

(होसकोट्याबाहेरच्या एका फ्लाइंग स्कूलचं हँगर. प्रशिक्षणाचं दोन सीटांचं छोटं विमान, वरचं काचेचं छत निखळलेलं. त्याच्याजवळ विमानांची देखभाल करणारा वादिराज आणि त्याची धाकटी बहीण मनस्विनी, तिथलीच प्रशिक्षक.)

मनस्विनी : वाच ना हा तुझा अपघाताचा अहवाल मोठ्यानं. लिहिताना लाज वाटली नाही, वाचताना कशाला वाटावी?

वादिराज : स्वल्प, जरा हळू बोल. त्रिविक्रम सर ऑफिसात आहेत.

मनस्विनी : ऐकू देत. 'विद्यार्थिनीने छताचा खटका नीट लावला नाही.' अण्णा, मी तिच्या शेजारी बसले होते. रंजितानं खटका लावला, ओढून पाहिला, मला तसं सांगितलंसुद्धा. तीनशे फुटांवर छत उघडलं ते खटका झिजला होता म्हणून.

वादिराज : हे तू म्हणतेस.

मनस्विनी : तक्रारवही म्हणते. महिन्याभरात तीनदा लिहिलं मी, खटका सैल आहे. तिन्ही वेळा खाली तुझी सही. 'तपासले, ठीक आहे.' काय तपासलंस?

वादिराज : पहिल्यांदा तपासलं होतं.

मनस्विनी : आणि नंतर?

वादिराज : नवा खटका मागवला होता, येईना. सर म्हणाले, दोनच विमानं आहेत, एक उभं ठेवलं तर मुलांचे उड्डाणाचे तास कधी भरायचे? सही कर, आला की बदलू.

मनस्विनी : आणि तू केलीस.

वादिराज : सतरा वर्षं आहे मी इथं, मनू. ती दुसरीकडं शिकेल. माझं लायसन गेलं तर मी कुठं जाऊ?

मनस्विनी : हा कागद वाचून तिला कोण घेईल? एकोणीस वर्षांची पोर. छताची कड लागून कपाळाला सात टाके. याची प्रत तिच्या घरी गेलीय. मी सांगते तर पटत नाही तिला. सारखी विचारते, मॅडम, मी नेमकं काय विसरले?

वादिराज : मग तू का उडालीस? तीनदा लिहिलंस ना? तरी त्याच विमानात त्या मुलीला घेऊन बसलीस. बोल की आता.

मनस्विनी : टेकऑफला मी एक हात खटक्यावर दाबून धरायचे. रोज. सवयच झाली होती.

वादिराज : आणि त्या दिवशी?

मनस्विनी : त्या दिवशी ती विमान इतकं सुरेख उचलत होती, की मी हात काढला.

वादिराज : हे कुणाला सांगितलंस?

मनस्विनी : आज लिहून देणार आहे, थेट चौकशीवाल्यांना. माझं लिहीन आणि तुझ्या सह्यांचंही लिहीन. भाऊ आहेस म्हणून गाळणार नाही.

वादिराज : सरी, ठीक आहे. तो कागद दे इकडं.

मनस्विनी : फाडून काय होणार आहे, अण्णा?

वादिराज : फाडत नाही. ती ओळ खोडून खाली खरं लिहितो. त्याआधी तिला फोन लाव.

रंजिता (फोनवर) : हॅलो, मॅडम?

वादिराज : मी वादिराज, विमानांची देखभाल बघतो तो. ऐक बाळ, तू काहीही विसरली नव्हतीस. खटका झिजला होता. मी न बघता सही केली. चूक माझी आहे.

रंजिता : सर, एक मिनिट थांबाल? आई इथंच बसलीय. हेच तिला सांगाल का, परत एकदा?